पहिलं पान वेगळं

माझी ताई वजनकाट्यांच्या कंपनीत पत्रव्यवहार बघते. मी तिथेच, खालच्या मजल्यावर तयार काटे तपासतो. घरात मी तिचा धाकटा भाऊ आणि कंपनीतही धाकटाच, कारण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणतात. चष्मा डोक्यावर ठेवून टेबलभर चष्मा शोधणारी ही बाई. पण पत्रात दोन शब्दांमध्ये एक जागा जास्त सुटली, तर ती तिला लांबूनही दिसते.

कंपनी काढली आप्पांनी. ताई पहिल्या दिवशी टाइप करायला बसली तेव्हा एकेक अक्षर भीत भीत दाबत होती. आप्पा म्हणाले, "चुकू दे पोरी, कागद आपल्याच घरचा आहे." त्या एका वाक्यावर ताईने सारी नोकरी काढली. लेटरहेडवरचा तराजूही आप्पांनी स्वतःच्या हाताने काढलेला, त्याखाली पत्ता. तराजूचं उजवं पारडं किंचित खाली. कुणी विचारलं की म्हणायचे, "ते गिऱ्हाइकाचं पारडं. जरा खालीच असावं."

आप्पा गेले. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे साहेब, नवीन डिझाइन घेऊन आले. रुंद निळा पट्टा आणि त्यात समतोल तराजू.

"काटे बनवणारी कंपनी आणि चित्रातला तराजू वाकडा! लोक हसतात, ताई. तो जुना आता कुठेही दिसता कामा नये."

त्यांचं अगदीच चूक नव्हतं, पण मला राग आला. ताई फक्त "बरं" म्हणाली. तिचं "बरं" मी लहानपणापासून ओळखतो.

दुपारी मी वर गेलो तेव्हा ती नवीन लेटरहेड लावत होती. निळा पट्टा फक्त पहिल्या पानावर हवा होता. तिने संगणकावर 'पहिलं पान वेगळं' या चौकटीत खूण केली आणि आप्पांचा तराजू माझ्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला.

"पुसलास तो?" मी ओरडलोच.

"ओरडू नकोस. बघ." ती रिकाम्या ओळी देत गेली. पान भरलं, दुसरं उघडलं आणि त्याच्या माथ्यावर तराजू! पारडं खाली, जसंच्या तसं.

मी थक्क झालो. "पानाला कसं कळतं, आपण पहिले की दुसरे?"

"तुला कसं कळतं, तू धाकटा आहेस ते?"

"तू रोज सांगतेस म्हणून."

"मग? त्यालाही मीच सांगितलं." ताई हसली आणि मग तराजूकडे बघत म्हणाली, "आता इथूनही काढायला हवा. हात धजत नाही रे."

"साहेबांना कळलं तर घरी बसवतील तुला."

"कळेल कसं? त्यांची पत्रं कधी अर्ध्या पानाखाली उतरलीत का?"

खरंच उतरत नव्हती. पण एक दिवस एका म्हाताऱ्या दुकानदाराचं पत्र आलं. तुमचा काटा आता वजन जास्त दाखवतो, माझ्या गिऱ्हाइकांना माल कमी जातो, लाजेने मी तो झाकून ठेवलाय, बदलून द्या. हमीची मुदत तर संपली होती. तो काटा मी तपासलेला, म्हणून साहेबांनी मलाही वर बोलावलं आणि ताईच्या खुर्चीमागे उभं राहून उत्तर सांगायला सुरुवात केली. मुदत संपली. काटा नीट वापरला नसेल. धूळ, ओल, अमुक नियम, तमुक अट. नाही म्हणायला एवढं बोलावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. ताई मात्र घामाघूम. पान भरत आलं आणि साहेब थांबायचं नाव घेईनात. तिने हळूच अक्षर बारीक केलं.

"बारीक का? म्हाताऱ्या माणसाला वाचता यायला हवं," साहेब म्हणाले.

ताईने अक्षर पुन्हा मोठं केलं. शेवटच्या ओळी खाली घसरल्या, दुसरं पान उघडलं. "सबब कंपनी जबाबदार नाही" या ओळीच्या बरोबर वर आप्पांचा तराजू येऊन बसला.

ताई उठून उभी राहिली. "मीच ठेवला, साहेब. माझं काय करायचं ते करा."

साहेबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते वाकून बघत राहिले. मग त्यांनी पडद्यावरच्या खालच्या पारड्यावर बोट ठेवलं. "हे कुणाचं म्हणायचे आप्पा?" माहीत असूनही त्यांनी विचारलं.

"गिऱ्हाइकाचं."

"बसा. सगळं खोडा. लिहा, काटा बदलून देतो, माणूस पाठवतो."

एवढंच. पत्र एका ओळीचं झालं, दुसरं पान गेलं आणि त्याच्याबरोबर तराजूही. वर निळा पट्टा तेवढा उरला. मला वाटलं, गेले आप्पा.

"ताई," साहेब हळू आवाजात म्हणाले, "ती पहिल्या पानाची खूण... काढता येते?"

ताईने खूण काढली. निळा पट्टा गेला आणि त्या एका ओळीच्या वर खालच्या पारड्याचा तराजू उभा राहिला. माझ्या अंगावर काटा आला, आमच्या कंपनीत बनत नाही तसला.

साहेबांनी सही केली. ताईने डोळे पुसायला चष्मा वर सारला आणि मग टेबलभर तो शोधू लागली. साहेबांनीच तो तिच्या डोक्यावरून काढून तिच्या हातात दिला.