आज नाही

"हात पुढे कर."

मॅडमच्या हातात अत्तराची कुपी होती. हळदीकुंकवाला आलेल्या बायका सोफ्यावर बसल्या होत्या आणि मॅडम एकेकीच्या हाताला अत्तर लावत होत्या. मी सकाळपासून त्याच घरात. पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, बाथरूमच्या टाइल्स, सगळं करून पिशवी खांद्याला लावून निघाले होते. बाहेर पडायचा रस्ता हॉलमधूनच. भिंतीच्या कडेकडेने चालले होते, तेवढ्यात हाक आली.

मला वाटलं, मलाही लावतायत. मी ओढणीला हात पुसला आणि त्या बायका करत होत्या तसाच, मागची बाजू वर करून, पुढे केला.

मॅडमनी कुपी बाजूला धरली. माझं मनगट धरलं. वाकल्या आणि वास घेतला. मग दुसऱ्या हाताचा घेतला.

"आज नाही मारलंय," सोफ्यावरच्या बाईला म्हणाल्या.

हशा झाला. एक जण म्हणाली, "अगं, जाऊ दे ना बिचारीला." मॅडम म्हणाल्या, "मुलाने दुबईहून आणलेला सेंट आहे. बाथरूममध्ये असतो. बघता बघता निम्मा झाला." आणि पुढच्या बाईच्या हाताला अत्तर लावायला लागल्या. माझा हात अजून पुढेच होता. तो मी खाली घेतला. चपला घातल्या. लिफ्ट उभी होती, तरी जिन्याने उतरले.

आज नाही. म्हणजे मग कधी? काल? गेल्या महिन्यात? चोरी केली म्हणाली असती तर मी भांडले असते. 'आज नाही' म्हटल्यावर कशाशी भांडायचं?

मी मनोरकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. पावसावरची शेती. भात झोडून झाला की आईबाप वीटभट्टीवर आणि मी आश्रमशाळेत. आमच्या घरात पहिली बी.ए. झालेली मी. हे मी मुद्दाम सांगते, आणि सांगताना आवाज खाली घेत नाही.

कॉलेज पालघरला झालं. मग तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले. ठेकेदार एका संध्याकाळी म्हणाला, उद्यापासून येऊ नको. का, ते नाही सांगितलं. बोईसरजवळच्या पाम गावात भाड्याने घेतलेली खोली मला सोडायची नव्हती. परत पाड्यावर जाऊन बसले असते तर सगळे म्हणाले असते, काय उपयोग झाला शिकून. म्हणून मुलांच्या शिकवण्या मिळतात का बघायला बोईसरच्या बिल्डिंगी चढायला लागले. याच मॅडमनी दार उघडलं होतं. "शिकवणीला आहे आमच्याकडे एक जण," म्हणाल्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "घरकाम करशील?"

करीन म्हटलं.

पहिल्या दिवशी आतून त्यांची सासू ओरडली, "अगं, बाई आली!" मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छाती फुगली. आमच्याकडे बाई म्हणजे शाळेत शिकवणारी. आणि घरात बाय म्हणजे लाडाची. आई मला अजून बायच म्हणते. मी मनात म्हटलं, म्हातारीला कळलेलं दिसतंय आपण शिकलेल्या आहोत. मग सासूने बादली पायाने माझ्याकडे सरकवली. तेव्हा समजलं, बोईसरच्या सोसायटीत बाई कशाला म्हणतात.

पण काम मी माझ्या पद्धतीने केलं. रोजचा झाडू-पोछा नाही, भांडी नाही. पूर्ण घर, छतापासून लादीपर्यंत, एका दिवसाला एकच घर. फडकी माझी, ब्रश माझे, स्टूलही माझं. बाथरूमचं लाल फडकं किचनमध्ये जाणार नाही म्हणजे नाही. इथे कंपन्यांची काळी धूळ खिडकीच्या खाचेत चिकटून बसते, बोरिंगच्या पाण्याने नळ पांढरे होतात. ते सगळं मी काढायचे. हाताखाली कुणी नाही, मी एकटीच. मॅडमनी खूश होऊन माझा नंबर बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. तिथून शेजारची बिल्डिंग, तिथून पालघरचे एक डॉक्टर, मग माकुणसारला एका वाडीवाल्यांचा बंगला. नवरात्र बसायच्या आधीच माझे दिवाळीपर्यंतचे दिवस भरलेले असायचे. लोक फोन करून विचारायचे, "ताई, तारीख मिळेल का?" जसं काही मी कोर्ट आहे. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे.

म्हणूनच त्या दिवशी तोंड बंद राहिलं. माझी बहुतेक घरं चौथ्या मजल्यावरच्या या मॅडमच्या एका जिभेला लटकलेली होती. तिने चांगलं म्हटलं म्हणून मिळाली, वाईट म्हटलं की जातील. हे तिलाही माहीत होतं.

पामला पोचले आणि एकेक गोष्ट डोक्यात यायला लागली. कामाला जाताना मी बिनखिशाचा कुर्ता घालते. पिशवी चपलांच्या रॅकपाशी ठेवते, आत नेत नाही. कपाट उघडं दिसलं की दारातूनच ओरडते, "मॅडम, कपाट उघडं राहिलंय!" सेफ्टीपिन सापडली तरी टेबलावर ठेवून दाखवते. कामाच्या दिवशी पावडर नाही, गजरा नाही, वासाचा साबणसुद्धा नाही. हे मला कुणी शिकवलं? कुणीच नाही. मी त्याला धंद्याची शिस्त म्हणायचे. शिस्त कसली, मी रोज सकाळी स्वतःच स्वतःची झडती घेऊन घराबाहेर पडत होते. त्यांचं काम मी आधीच करून ठेवत होते. आणि तरी तिने वास घेतलाच.

त्या आठवड्यात आई पाड्यावरून आली होती. भाकरी थापता थापता तिने माझ्याकडून सगळं ऐकलं.

"मंग तू काय बोललीस?"

"काय नाय."

"काय नाय?" तिने थापणं थांबवलं. "भट्टीवर मुकादम आमच्या लुगड्याचं सोगं सोडून बगायचा. सुटी झाली का रोज. तिथं चोरायचं काय, माती?" स्वतःच हसली. मग हसू गेलं. "आमी गप ऱ्हायलो. आमाला लिवाया-वाचाया येत नव्हता, बाय. तू कशापायी गप ऱ्हायलीस?"

भाकरी तव्यावर करपली.

पुढची तारीख आली तशी मी गेले. पण आता डोळा बदलला होता. मॅडम गोड बोलल्या की वाटायचं, का बोलल्या? चहा आज कपात दिला, स्टीलच्या पेल्यात नाही. का? बेडरूमचा ड्रॉवर अर्धा उघडा. विसरल्या, की ठेवला? बाथरूममध्ये सेंटची बाटली जागेवर नव्हती. मी हॉलची लादी पुसायला घेतली. निम्मी झाली असेल, तेव्हा मॅडम आतून आल्या. हातात तीच बाटली. तळाशी थोडंसं उरलेलं.

"घे. तुलाच ठेव. तुला आवडतं ना."

मी फडकं बादलीत सोडलं आणि उभी राहिले.

"मॅडम, मला आवडतं हे कुणी सांगितलं?"

"अगं, घे ना. मनापासून देतेय."

घेतलं तर आजवर लावलं होतं हे कबूल. यापुढे कुठल्याही घरात माझ्या अंगाला वास आला तर तोही कबूल. आणि गेटवर वॉचमन पिशवी उघडणार, बाटली वर धरून विचारणार, "मॅडम को फोन लगाऊँ?" मग मॅडम फोनवर काय म्हणतील, ते त्यांच्या हातात. दुबईच्या सेंटचं आमिष घालून माझ्यासाठी पिंजरा लावला होता. कदाचित तिने खरंच मनापासून दिलं असेल. मला ते शोधून काढायची गरज वाटली नाही.

"हळदीकुंकवाला तुम्ही सगळ्यांसमोर माझा हात हुंगलात," मी म्हटलं. "म्हणालात, आज नाही. मग कधी लावलं होतं, तो दिवस सांगा."

"अरे देवा! चेष्टा केली मी. इतकं मनाला लावून घेतेस?"

"ज्यांच्या हाताला अत्तर लावलंत, त्यांच्यापैकी कुणाची केलीत अशी चेष्टा?"

त्यांचा चेहरा उतरला नाही. कडक झाला. "शिकलेल्या बाईला कामाला ठेवलं की हेच होतं. माझ्यामुळे उभी राहिलीस तू. या बिल्डिंगमध्ये कोण ओळखत होतं तुला?"

"मी उभी राहिले ती गुडघ्यांवर, तुमची लादी पुसून," मी म्हटलं. "मला बाई म्हणू नका आणि ताईही म्हणू नका. तुमच्याकडचं काम बंद."

"आणि हे अर्धं?"

मी लादीकडे बघितलं. खिडकीकडची बाजू चकचकीत, दाराकडची धुळकट. मी आजवर एकही काम अर्धं सोडलं नव्हतं. ते सोडलं. बादली ओतली, फडकी पिळली, स्टूल उचललं. लिफ्टने खाली आले.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका वहिनींनी मला फोनवर वाचून दाखवलं: 'काम चांगलं करते, पण लक्ष ठेवावं लागतं.' बस, एवढंच. पुन्हा तसंच, हातात काही न येणारं. मग फोन सुरू झाले. कुणाकडे पाहुणे येणार होते, कुणाला आता गरज नव्हती. एकीने तर "तुझी तब्येत सांभाळ" म्हणून तारीख काढून घेतली. मी कधी आजारी पडले होते? त्या वहिनींनी तारीख ठेवली. मी त्यांनाही विचारलं, "तुम्ही का ठेवली?" त्या गडबडल्या. गडबडू देत. चांगुलपणाही आता मी उलटापालटा करून बघते.

दिवस रिकामे झाले तशी मी गेटजवळच्या कट्ट्यावर बसले. तिथे घरकाम करणाऱ्या सगळ्या दुपारी डबा खातात. आधी मी तिथे थांबत नसे, मला पुढचं घर असायचं. मी विचारलं, चौथ्या मजल्यावर माझ्याआधी कोण होतं?

एक जण तोंडात घास घेऊनच हसली. "मैं थी ना! मेरा तो मुँह सूँघा था. काजू खाया बोल के."

"खाया था?" दुसरीने विचारलं.

"मिलता तो छोड़ती क्या?"

कट्टा हसला. मीही हसले. मग तिने डबा बंद केला आणि मला सगळं सांगितलं. तिच्यानंतर दुसरीने दुसऱ्या घराचं सांगितलं. कुठे पगार कापतात ते नव्हे, कुठे काय हुंगतात ते. मी ऐकत राहिले. एकीने विचारलं, "तू ये सब पूछ के करेगी क्या?" मी म्हटलं, "बघ."

काल नव्या बिल्डिंगमधून फोन आला. बाई मराठीच होत्या, आवाज नीटनेटका. "तुमची चौकशी केली आम्ही. तसं काहीबाही कानावर आलंय, पण काम छान करता म्हणे. एक संधी देऊन बघू."

"मीही तुमची चौकशी करतेय," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"तुमच्याकडे आधी जी होती, ती का सोडून गेली ते तिला विचारणार आहे. तिने जा म्हटलं तर तारीख देईन."

मग म्हणाल्या, "अहो, पण तुम्ही आमच्याकडे कामाला येणार ना?"

"तेच अजून ठरायचंय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

या महिन्यातले निम्मे दिवस कोरे आहेत. ते भरतील की नाही, माहीत नाही. भरले नाहीत तर मी कमी खाईन. पण भरायचे म्हणून कुणालाही देणार नाही. माझा संशय त्यांनी खूप घेतला. आता मी त्यांचा घेणार. दारातच, काम धरायच्या आधी, उघड.