भोकाभोवतीचे लोखंड

मी हे लिहावे की नाही, ते मला अजून नीट ठरवता आलेले नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नाही, आणि ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यासोबत ज्यांनी हात काळे केले त्यांनी खरे तर हे लिहायला हवे होते. पण ते लिहिणार नाहीत. म्हणून मी लिहितो. कमीजास्त झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमच्या मिस्त्रींच्या तोंडून 'दुरुस्त झाले' हे शब्द कोणी कधी ऐकले नाहीत. इंजिन सुरू झाले, पट्टा फिरू लागला, चक्कीतून पीठ पडू लागले, तरी ते फडक्याला हात पुसत एवढेच म्हणत, "सध्या चालते." त्यावरून वस्तीने त्यांचे नाव सध्यामिस्त्री ठेवले. तोंडावर आम्ही त्यांना आबाजी म्हणत असू. माझी काकू दळण घेऊन आली की विचारायची, "काय आबाजी, तब्येत कशी हाये?" आणि त्यांनी तोंड उघडण्याआधी स्वतःच सांगायची, "सध्या चालते!" बाया हसायच्या. तेही हसायचे. "खोटं कायले बोलू, माय?" म्हणायचे.

ही चक्की आमच्या वस्तीची होती. आमचे गाव कळंबपासून फार दूर नाही. वस्तीतले लोक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि गावची मेलेली ढोरे यापुढे ओढायची नाहीत असे त्यांनी ठरवले. तेव्हापासून गावातल्या चक्कीवर आमचे दळण घेणे बंद झाले. पुन्हा काम धरा, मग दळून देऊ, असा निरोप होता. बाया जात्यावर बसल्या, पण दिवसभर निंदण करून आलेल्या हातांनी रोज किती दळावे? मिस्त्री तेव्हा नेरला एका जिनिंगमध्ये तेलपाणी करत. तिथे वीज आली आणि जुने ऑइल इंजिन भंगारात निघाले. स्वतःची चक्की घालायला वस्तीने ते विकत घेतले. इंजिनाच्या मागे मिस्त्रीही गाडीत बसून गावी परत आले. त्यांना बायकापोरे नव्हती. "ह्याच्याशिवाय मले कोणी नाई," असे ते इंजिनाकडे बोट दाखवून म्हणत.

इंजिन उघडताना पहिल्याच दिवशी हेडचा, म्हणजे वरच्या झाकणाचा, एक स्टड तुटला. स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट. त्याचे खालचे टोक ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाच्या, भोकात आटे धरून बसलेले असते आणि वरच्या टोकावर नट येतो. हा गंजून असा तुटला की धरायला वर काही उरलेच नाही. मिस्त्रींनी त्यावर घासलेट सोडले आणि दुसऱ्या कामाला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासलेट. मग जरा तापवून त्यावर मेणबत्तीचे मेण टेकवले, ते वितळून फटीत उतरले. सगळी वस्ती भोवती उभी होती. एक तरुण गडी म्हणाला, "आबाजी, एक घण हाणू का?"

"घणानं खुटा निघते, लेका. स्टड निघत नाई."

मग त्यांनी तुटक्या स्टडच्या बरोब्बर मध्यभागी हाताच्या ड्रिलने भोक पाडले, त्यात पोलादाचा चौकोनी तुकडा ठोकून बसवला आणि त्याला पाना लावून फिरवू लागले. जरासे पुढे, जरासे मागे. पुढे, मागे. गाल ब्लॉकला टेकलेला, डोळे मिटलेले. शेवटी तो तुकडा निघाला तेव्हा लोकांनी त्यांना खांद्यावर घ्यायचेच बाकी ठेवले. त्या दिवशी चक्की सुरू झाली. ते म्हणाले, "सध्या चालते."

त्यानंतर जे घडले ते आमच्याच वस्तीत घडू शकत होते. आमच्या लोकांजवळ सर्वांच्या मालकीचे असे कधी काही नव्हते. हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगमधून थोडा धूर आला की येणारा-जाणारा पाना उचलायचा आणि नटाला एक फेर द्यायचा. कोणी शेतातून येताना, कोणी शेतात जाताना. कोणी लहान पोराला कडेवर घेऊन त्याचाही हात पान्याला लावायचा. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. आपल्या इंजिनाची आपण काळजी घेतो, एवढेच होते.

एके दिवशी नट फिरतच राहिला. मिस्त्रींनी ओढला तसा स्टड हातात आला, आणि त्याला चिकटून आतल्या आट्यांचा चुरा. तो त्यांनी तळहातावर घेतला आणि जमलेल्या लोकांपुढे धरला. "पाहा. हे बी पीठच हाये. फक्त ह्याची भाकर होत नाई." रागावले मात्र कोणावर नाहीत.

आटे गेलेले भोक मोठे करावे लागते, त्यात नवे आटे पाडून जाड स्टड बसवावा लागतो. मिस्त्रींनी तसे केले. पुढे तेही आटे गेले, तेव्हा भोक आणखी मोठे करून त्यात बुश, म्हणजे आतून आटे पाडलेली लोखंडी नळी, बसवला. मग शेजारचे भोक गेले. "भोक मोठं करता येते," ते म्हणायचे, "लोखंड मोठं नाई करता येत."

शेवटी त्यांनी पाना सुतळीने आपल्या कमरेला बांधला. जेवताना, झोपताना तो तिथेच असे. काका एकदा चिडून म्हणाला, "काहून आबाजी, इंजिन तुमच्या एकट्याचं हाये का?"

"इंजिन सगळ्याईचं," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "पाना माहा."

मी कॉलेजसाठी नागपूरला निघालो त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला इंजिनाजवळ बोलावले. खिळ्याने ब्लॉकवर एका बाजूला टकटक केले. खणखणीत आवाज आला. मग बुश बसवलेल्या भोकाजवळ केले. तिथे आवाज बसका होता.

"ह्याच्या मागून इंजिन थंड ठेवाचं पाणी फिरते. मधात जे लोखंड राह्यलं ते कागदावानी."

"मग लोकांना सांगा ना, आबाजी."

"सांगून काय करू? चक्की बंद पडन या भेवानं उद्याच हात जोडून उभे राहतीन गावात. इंजिन मोडाच्या आधी माणसं कायले मोडू?" थोडे थांबून म्हणाले, "तिकडं या इंजिनाचा ब्लॉक भेटते का पाहाय. जुना असला तरी चालन."

मी पाहिला. जिथे जिथे यंत्रांचे सामान मिळते तिथे तिथे गेलो. बहुतेक ठिकाणी मान हलवली गेली. हे इंजिन आता निघतच नाही, म्हणाले. एक दुकानदार हसून म्हणाला, "ये तो अजायबघर में मिलेगा, बेटा." सुटीत घरी गेलो की मी हे अजबखान्याचे सोडून बाकी सगळे त्यांना सांगत असे. "असू दे. पाहत राहाय," ते म्हणत. मागच्या सुटीत ते फार खोकत होते. इंजिन चालू असताना त्यांचा एक हात सतत ब्लॉकवर असे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मी निघताना तो हात त्यांनी उचलला नाही, दुसऱ्या हाताने मला निरोप दिला.

परवा काका वसतिगृहात आला. त्याने भाकरीचे गाठोडे माझ्या खाटेवर ठेवले आणि उभाच राहिला. मी बसायला सांगितले तेव्हा बसला.

"मिस्त्री गेले," म्हणाला. "दिवाळी झाल्यावर."

 मी विचारले, "आणि चक्की?"

"त्याच्या नावानं चालू ठेवू म्हणलं सगळ्याईनं. पानफुलं वाहून सुरू केली. जरासा धूर येत होता." काका खाली पाहू लागला. "तं ज्यानं त्यानं जरा जरा कसलं. शेवटचा फेर माहा होता का दुसऱ्या कोणाचा, आता कसं सांगू? आवाज झाला आन् पाणी वाहाले लागलं."

"पाना कुठून आला?"

"त्याच्या कमरेचा. आम्हीच सोडून घेतलता, मातीले नेताना."

भाकरी माझ्या आईच्या हातची होती. पीठ बारीक होते, आमच्या चक्कीपेक्षा, जात्यापेक्षाही बारीक. मी एक घास मोडला आणि तो हातातच राहिला.

"काका, हे दळण कुठचे?"

काकाने खिडकीकडे तोंड केले.

"गावात बैल मेला होता सोमवारी," तो म्हणाला. "आम्ही गेलतो."