चढ नसलेला किल्ला

इथे अमेरिकेत, श्रूजबरीत बर्फ वितळलं की आमच्या बेसमेंटच्या दगडी भिंतीला ओल येते. त्या वासाने फ्रान्समधली एक दुपार आठवते.

“किल्ला दाखवतो,” असं सांगून बाबांना नेलं होतं. ते काठी घेऊन, चढणीचे बूट घालून आले. समोर सपाट हिरवळ आणि फुलांचे ताटवे होते.

“अरे, चढ कुठाय?” ते म्हणाले. “किल्ला म्हणजे दम लागला पाहिजे.”

आतल्या अरुंद, ओलसर जिन्यात ते मध्येच भिंतीला धरून थांबले.

“लागला बरं का दम.”

आम्ही सगळे हसलो. त्यांच्या नातीने फोटो काढला. त्यांचं हृदय थकलं होतं, हे परतल्यावर कळलं. त्याच हिवाळ्यात ते गेले.

फोटोत बाबा हसताहेत. बोटं मात्र दगडाच्या खाचेत घट्ट रुतली आहेत.