आक्कांचं अनटाय

उघडण्यासोडण्यासाठी इंग्रजीत इतकी क्रियापदं कशाला लागतात, याचा वैताग मला निपाणीत वीस वर्षं इंग्रजी शिकवूनही येतो. बटणाला एक, चेनला दुसरं, नाडीला तिसरं, फिरकीच्या झाकणाला चौथं. माझ्या वर्गातली मुलं सगळ्याला एकच ‘ओपन’ लावून मोकळी होतात आणि मी लाल पेन घेऊन चरफडत बसते. मी तापट आहे, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

तरीही मागच्या गल्लीतल्या आक्का माझ्याकडे शिकायला आल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या घरी बसून बिड्या वळत होत्या. आता खोकल्याची ढास लागली की थांबत नसे. तंबाखू सोडा, नाहीतर माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेवढ्यात हायवेजवळच्या इंग्रजी बालवाडीत आयाची जागा निघाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आठ दिवस बघू. पण आवारात इंग्रजीच बोलायचं, पालक त्यासाठीच मुलं पाठवतात.

आयाचं काम म्हणजे दिवसभर सोडणं आणि उघडणं. दप्तराची चेन, डब्याचं झाकण, चड्डीचं बटण, बुटाची नाडी, केळ्याची साल. मी फळ्यावर त्याच क्रमाने शब्द लिहिले: अनझिप, अनस्क्रू, अनबटन, अनटाय, पील. आक्का हात मांडीवर ठेवून बघत बसल्या. तीन संध्याकाळी गेल्या, एक शब्द टिकेना. चौथ्या दिवशी माझा पारा चढला. “आक्का, पहिलीतल्या पोरांना येतं हे!”

त्यांनी मांडीवरचे हात उलटून बघितले. मग म्हणाल्या, “बाई, हात रिकामा असला की माझं डोकं चालत न्हाय बघा.”

मला माझीच लाज वाटली. वर्षानुवर्षं मांडीवर सूप आणि बोटांत बिडीचं पान असलेल्या बाईला मी हाताची घडी घालून बसवलं होतं! उठले आणि घर उपसलं. लोणच्याची बरणी, मुलीचं जुनं जॅकेट, ब्लाउज, केळी, बूट. आक्कांनी बरणी हातात घेतली, झाकण फिरवलं आणि म्हणाल्या, “अनस्क्रू.” पुढच्या दोन दिवसांत त्यांनी माझ्या घरातलं सुटण्याजोगं सगळं सोडलं. केळी तेवढी संपली.

त्यांची परीक्षा सुरू झाली. पहिले पाच दिवस तक्रार नव्हती. सहावा दिवस शनिवार, रोजच्या पट्ट्याच्या बुटांऐवजी नाडीच्या पांढऱ्या कॅनव्हास बुटांचा. घरी सोडताना आक्कांनी सगळ्या मुलांच्या नाड्या नीट बांधून दिल्या. दुपारी मुख्याध्यापिकांना फोन सुरू झाले. नाड्याच सुटेनात! दोन मुलांच्या आईंनी कात्रीने कापल्या, एकीने पोराला बुटासकट जेवायला बसवलं.

आक्का धावत माझ्याकडे आल्या. “कशी बांधली नाडी? दाखवा,” मी म्हटलं. त्यांनी माझ्या बुटाला नाडीचे दोन आवळ वेढे दिले, टोक आत सारलं आणि करकचून ओढलं. बिडीचा दोरा बांधतात, अगदी तसंच. दोरा सैल पडला की कारखान्यात बिडी छाट म्हणून बाद करतात, मजुरी बुडते. त्या बोटांना सैल बांधणं कुणी शिकवलंच नव्हतं. सोडायचे शब्द मी महिनाभर घोटून घेतले असते, पण बांधायचं कसं, हे विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

सोमवारी मी पहिला तास बदलून घेतला आणि त्यांच्याबरोबर गेले. फाटकात मुलांच्या आई उभ्या होत्या. काहींच्या हातात ओढून काढलेले, तसेच बांधलेले बूट, चेहरे तापलेले. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. आता संपलं, असं मला वाटलं.

आक्का सरळ पायरीवर बसल्या. पहिला बूट मांडीवर घेतला, अंगठ्याचं नख वेढ्याखाली घातलं, एक झटका. “अनटाय,” आक्का समोरच्या आईला म्हणाल्या. दुसरा बूट. “अनटाय.” चौथ्या बुटाला मुलं भोवती जमली आणि प्रत्येक झटक्याला ओरडू लागली, “अनटाय!” एक आई हसली. म्हणाली, “आमचा दर शनिवारी नाडीत पाय अडकून पडतो. परवा पहिल्यांदाच न पडता घरी आला.”

मुख्याध्यापिकांनी शेवटचा बूट सुटेपर्यंत वाट बघितली. मग इंग्रजीत म्हणाल्या, “आजपासून साधी गाठ. आणि रोज वेळेवर या.”

मी निघाले तशी आक्कांनी फाटकापर्यंत येऊन माझा दंड धरला. “म्हंजे ठेवलं व्हय मला?”

“ठेवलं, आक्का.”

मला रडू येत होतं, म्हणून मी उगाच रिक्षावाल्यावर खेकसले.

संध्याकाळी त्यांच्या घरी पेढे घेऊन गेले. दुसऱ्या दिवशीच्या बिड्यांसाठी पानं याच वेळेला भिजत घालतात. सासूबाई परातीत पाणी घेऊन दारात उभ्या होत्या. “अगं, पानं भिजवायची न्हाईत व्हय आज?”

आक्का साडीला इस्त्री करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “न्हाईत. उद्या मला शाळा हाय.”