लुएलाची जागा

आर्विड टोलेफसनला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नसे. माणूस वाईट नव्हता हो! तीसेक वर्षं त्याने गावच्या शाळेची बस चालवली, बर्फात चालवली, धुक्यात चालवली, पण एका पोराला खरचटू दिलं नाही. कुणाचा ट्रॅक्टर चिखलात रुतला तर हातातला घास ठेवून धावायचा. पण शेजारच्या मर्व कोवालचुकने काही नवं घेतलं की याच्या पोटात दुखायला लागलंच म्हणून समजा. एका वर्षी मर्वच्या टोमॅटोंना याच्या आधी रंग चढला, तर हा पठ्ठ्या आठवडाभर कुंपणाकडे फिरकला नाही.

आणि मर्वचा ट्रेलर तर त्याच्या डोळ्यांत सलायचा. कॅनडात, सस्कॅचेवानमधल्या त्या गावात मे महिन्यात बर्फ हटलं की निम्मं गाव चाकांवरची घरं गाडीला जोडून उत्तरेच्या तळ्याकडे निघतं. मर्वचं घर तीस फुटी, आत सोफा, भिंतीत विजेची शेकोटी आणि ओढायला तसाच दांडगा डिझेल ट्रक. आर्विडचं सोळा फुटी, अंड्यासारखं गोल. आत एकाने कूस बदलली की दुसऱ्याने उठून बसायचं.

त्याच्या बायकोला, लुएलाला, ते भरपूर होतं. तिची खरी जागा ट्रेलरमध्ये नव्हतीच मुळी. ती होती पिकअपमध्ये, आर्विडच्या शेजारी. तळं येईपर्यंत ती सूर्यफुलाच्या बिया सोलून त्याच्या तळहातावर ठेवायची, थर्मासातली कॉफी द्यायची आणि वाटेतल्या प्रत्येक गावात कुणाचं कुणाशी फाटलंय ते रंगवून सांगायची. आर्विड बिया खायचा, हूं हूं करायचा आणि पुढे चाललेल्या मर्वच्या ट्रेलरच्या पाठीकडे बघून जळत राहायचा.

यंदा हिवाळ्यातच त्याने घाट घातला. शहरात जाऊन ट्रेलर पसंत केला तो बत्तीस फुटी. मर्वपेक्षा दोन फूट जास्त, हे वेगळं सांगायला नकोच.

"आपल्या पिकअपला झेपेल का रे हा?" लुएलाने विचारलं.

"माहितीपत्रकात लिहिलंय, ओढतो म्हणून. अगं, मी बस चालवलीय, बस!"

"ओढेल रे. पण याच्या नाकाचा, म्हणजे जोडायच्या टोकाचा, भार पिकअपच्या पाठीवर येणार. वर सामान, तू, मी. गाडीने किती वाहायचं ते तिच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. वाचलंस का कधी?"

"ते सोड, ही खुर्ची बघ! पाय वर करून बसायचं, समोर शेकोटी."

"खुर्ची बघितली. मी पिकअपमध्ये कुठे बसू, ते सांग."

आर्विड हसला आणि सही करून मोकळा झाला. जुनं अंडं त्याच दुकानात देऊन टाकलं.

निघायच्या सकाळी त्याच्या पिकअपचं बूड रस्त्याला टेकायला आलं होतं आणि नाक आभाळात. मर्व दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला.

"आर्विड, अरे, दिवे लावलेस तर उजेड चिमण्यांवर पडेल! धान्याच्या काट्यावर चढव बघू आधी."

गावाचं धान्य तोलणारा मोठा काटा वाटेतच होता. तिथे ट्रेलरच्या नाकाचा भार, जनरेटर, जळणाची लाकडं, मांसाची पेटी आणि ही दोघं, असं सगळं मिळून पिकअपच्या ताकदीच्या एका माणसाच्या वजनाइतकं वर गेलं.

"एवढंच ना?" मर्व म्हणाला. "जनरेटर नि लाकडं टाक माझ्या ट्रकमध्ये. माझा रिकामाच आहे."

आर्विडच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढा मोठा ट्रेलर घेतला तो मर्वच्या नाकावर टिच्चून, आणि त्याचं सामान मर्वने वाहायचं?

"माझं सामान माझ्याच गाडीतून जाईल. कुणाच्या उपकारावर तळ्याला जायची वेळ आली नाही अजून!"

लुएलाने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग तिने पर्स उचलली, थर्मास उचलला, बियांची पुडी उचलली.

"बरं. मग मी मर्वबरोबर जाते. सामान महत्त्वाचं."

दोन वर्षांपूर्वी मर्वची बायको इरीन वारली होती. तिच्या जागेवर लुएला बसली, दार लागलं आणि ट्रक निघालासुद्धा!

काट्यावरच्या माणसाने "आता भार कसाबसा बसला, तरीही हळू चालव" म्हणून बजावलं. आर्विड एकटा मागे. थोड्या वेळाने दोन्ही गाड्यांत एकमेकांशी बोलायला ठेवलेल्या रेडिओवर लुएला म्हणाली, "आर्विड, पुढे रस्ता उखडलाय, जपून." तिच्या शेजारून मर्व खदखदून हसल्याचा आवाज आला. एवढं काय सांगितलं हिने त्याला? कॉफीसुद्धा दिली असेल? माझा थर्मास, माझी बायको आणि हसतोय तो! मत्सराने नुसती आग आग झाली त्याची. आणि सवयीने त्याचा उजवा तळहात शेजारी पुढे गेला. हातावर काही पडलं नाही. त्याने तो गुपचूप मागे घेतला.

पेट्रोल भरायला थांबले तेव्हा मर्वच्या मिशीला बियांचं साल चिकटलेलं होतं. ते पाहिलं आणि आर्विडचा तोल गेला.

"मजा चाललीय की तुझी!"

"चाललीय," मर्व म्हणाला. "खोटं कशाला बोलू? वळणावर मला आरशात तुम्ही दोघं दिसायचात. हिची बडबड चालू, तुझं तोंड चालू. इरीन गेल्यापासून असा जळायचो लेका तुझ्यावर! माझ्या ट्रकला काय, हत्ती झेपेल. पण बसवू कुणाला?"

आर्विड पिकअपच्या मागे गेला, मागची फळी पाडली आणि जनरेटरला हात घातला.

"बघत काय उभा राहिलास? ये, हात लाव!"

लाकडं मर्वच्या ट्रकमध्ये मागे गेली, मांसाची पेटीही गेली. जनरेटर मर्वने हौसेने पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टाही बांधला. लुएला आपल्या जागेवर येऊन बसली. पिकअपचं नाक जरा खाली आलं. आर्विडने तळहात पुढे केला.

"बिया संपल्या. मर्वने खाल्ल्या."

आर्विडने दात खाल्ले आणि गाडी सुरू केली.

बराच रस्ता मागे पडल्यावर रेडिओ खरखरला. "आर्विड," मर्वचा आवाज आला, "तुझा जनरेटर काही बोलत नाही रे."

लुएला हसली नाही. आर्विडने पुढच्या ट्रेलरच्या पाठीकडे पाहिलं, तीस फुटांच्या त्या मोठ्या घराकडे. मग रेडिओ काढून तिच्या हातात दिला.

"बोल त्याच्याशी," तो म्हणाला. "तळं येईपर्यंत बोल."