दहापैकी दहा

सासऱ्यांच्या दहाव्याला मी एसटी सोडून मोटारसायकलवर निघालो, ही चूक माझीच. बायको म्हणत होती, "एसटीनं जाऊ." मी म्हणालो, "दादांनी लग्नात दिलेली गाडी आहे, तिच्यावरच जाऊ. त्यांना बरं वाटेल." गेलेल्या माणसाला काय बरं वाटणार, हे तिनं विचारलं नाही. त्या दिवसांत ती काहीच विचारत नव्हती. अंत्यविधीला आम्ही देवगाव रंगारीला पोचलो तेव्हा चिता पेटलेली होती; बापाचं तोंड तिला दिसलंच नाही. त्यावर ती एवढंच म्हणाली होती, "दहाव्याला तरी वेळेत न्या." रडली नव्हती. मलाही रडू आलं नव्हतं. मी आपला गाडीच्या मागं लागलो.

गाडी आमच्या संसाराएवढीच जुनी. क्लच घसरत होता म्हणून आदल्या दिवशी शोरूमला टाकली. काउंटरवरचा टायवाला म्हणाला, "सर, हे मॉडेल कधीच बंद झालं. एक्सचेंजमध्ये नवीन घेऊन टाका."

"फक्त क्लच बघा."

"बघतो ना सर."

संध्याकाळी गाडी मिळाली ती धुतलेली, पुसलेली, टायरला काळं पॉलिश मारलेली.

"क्लच?"

"ओके केला सर. उद्या कंपनीतून फोन येईल, दहापैकी किती म्हणून विचारतील. दहाच सांगा. नऊ म्हणालात तरी आमचा पगार कापतात."

मला त्याचं वाईट वाटलं. दहा कबूल केले. घरापर्यंत रस्ता सपाट, गाडी गुमान आली.

दुसऱ्या दिवशी दौलताबादच्या घाटात इंजिन नुसतं बोंबलायला लागलं आणि गाडी जागची हलेना. बायको उतरली. मी ढकलत पुढं, ती मागं चालत. हातात दादांना आवडायचे म्हणून केलेल्या धपाट्यांचा डबा. खिशात फोन वाजत होता. दोन्ही हात हँडलला, मी तो वाजू दिला.

टोमॅटोचे क्रेट वाहणारं एक पिकअप थांबलं. चालवणारे चाचा खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"मियाँ, गाडी तो दुल्हन के जैसी चमक रही. चलती कायकू नै?"

मी क्लच दाबून दाखवला. त्यांनी गाडी रिकाम्या क्रेटांशेजारी आडवी टाकली आणि आम्हाला पुढं बसवलं.

नदीवर पोचलो तेव्हा गुरुजी पिशवी आवरत होते. लोक हातपाय धुऊन परत निघाले होते. मुंडण केलेला मेहुणा समोर आला. "फोन तरी उचलायचा ना दाजी. किती थांबायचं आम्ही?"

तेवढ्यात फोन वाजला, म्हणून मी तो मुकाट्यानं उचलला.

"नमस्कार सर, आपल्या गाडीच्या सर्व्हिसला दहापैकी किती गुण द्याल?"

मी पिकअपमध्ये आडव्या पडलेल्या गाडीकडं पाहिलं. राग यायला हवा होता. तो कुठं राहिला कोण जाणे. तोंडातून आलं, "दहा."

"धन्यवाद सर. आपला दिवस छान जावो."

बायको डबा धरून पाण्याकडं बघत उभी होती. सकाळपासून पहिल्यांदाच ती माझ्याकडं वळली.

"तुम्हाला बघायला आले होते तवा दादांनीबी दहाच दिले होते."