मामांच्या दोन मोटारसायकली
ऑइल मिसळलेल्या पेट्रोलच्या धुराचा वास आला की मला पाचोऱ्याजवळचं मामांचं खळं दिसतं. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट, कापसाची वेचणी नुकतीच संपली होती. लष्कराच्या लिलावातून आणलेल्या दोन उंच, जुन्या मोटारसायकलींवर मामांनी अजिंठ्याच्या डोंगरातल्या पायवाटा पालथ्या घातल्या होत्या. पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हा मामींनी मला आणि माझ्या थोरल्या भावाला धुळ्याहून बोलावून घेतलं. "दोन्ही गाड्या तुम्हीच लई जा. तुमना मामानीच सांगेल शे," त्या म्हणाल्या. गाड्या आम्ही घेऊन जाव्यात, असं म्हणे मामांनीच सांगितलं होतं. वाळलेल्या कपाशीच्या, पऱ्हाटीच्या काड्या बाजूला सारून आम्ही गाड्या बाहेर काढल्या. भावानं एक चालू केली, तसे खाटेवर टेकून बसलेले मामा ताठ झाले आणि त्यांनी खुणेनं ती जवळ बोलावली. आम्ही गाडी खाटेला भिडवली. डाव्या हातानं त्यांनी आपला निर्जीव उजवा हात उचलून ॲक्सिलरेटरच्या मुठीवर ठेवला, पण बोटं वळेनात. हात घसरून मांडीवर पडला. त्यांनी तो पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. मग मी त्यांच्या हातावर हात धरून मूठ पिळली. इंजिन गरजलं, आणि मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात काढून घेतला. "बंद करी दे रे भाऊ," मामी म्हणाल्या. मामांनी तोंड फिरवलं. आम्ही गाड्या टेम्पोत चढवल्या. पुढे कितीतरी वर्षं त्या हौसेनं चालवल्याही. पण मामांनी भेट दिल्या असं सांगताना आजही माझी जीभ अडते. आम्ही त्या त्यांच्या डोळ्यांदेखत काढून आणल्या, एवढंच मला आठवतं.